विमानं पुढे कुठे भेटतील? कंट्रोलरच्या नियोजनाच्या पडद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी पडदे आखतो. कुठे काय दिसावं, केव्हा दिसावं, एका क्लिकवर काय घडावं, हे ठरवणं माझं काम. राहतो नागपुरात, सोनेगावच्या विमानतळापासून फार लांब नाही. इथल्या इंजिनिअरिंगच्या आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांशी बोलायचा योग येतो तेव्हा ठरावीक प्रश्न हमखास निघतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

कंट्रोलर रडारवर विमानं बघतोच. मग ‘पुढचं’ बघायला वेगळं काही कशाला लागतं?

रडारचा पडदा ‘आत्ता’ दाखवतो, आणि कंट्रोलरचं निम्मं काम ‘थोड्या वेळाने’मध्ये असतं.

उंचावरून जाणारं जेट मिनिटाला साधारण ८ नॉटिकल मैल, म्हणजे जवळजवळ १५ किलोमीटर कापतं. नागपूरहून अमरावती नऊ-दहा मिनिटांत मागे पडते. दोन विमानं समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर मिनिटाला ३० किलोमीटरने घटतं. आता पडद्याच्या दोन टोकांना दोन ठिपके आहेत, दोघांची उंची सारखी आहे आणि त्यांचे मार्ग पंधरा मिनिटांनी एकमेकांना छेदणार आहेत असं समजा. पडद्याकडे पाहून यातलं काहीच जाणवत नाही. वेग, मार्ग, उंची आणि वारा यांचा हिशेब कंट्रोलर डोक्यात करतो, आणि तोही एकाच वेळी दहा-पंधरा विमानांचा. त्या हिशेबाला या धंद्यात ‘पिक्चर’ म्हणतात. पिक्चर हातातून निसटलं की अनुभवी माणूसही गांगरतो.

लवकर कळण्याचा फायदा आकड्यांत सांगतो. मार्गावर असताना दोन विमानांमध्ये ५ नॉटिकल मैल ठेवायचे आहेत असं धरू. छेदबिंदू पंधरा मिनिटांवर, म्हणजे १२० मैलांवर असताना एका विमानाला दोन-अडीच अंश वळवलं तरी तेवढी जागा होते. चहा पिणाऱ्या प्रवाशाला पत्ताही लागत नाही. तीन मिनिटं उरल्यावर तेच करायला बारा अंश वळवावं लागतं, आणि तोवर त्या फ्रिक्वेन्सीवर आणखी तिघं बोलायला टपलेले असतात.

यात नागपूर कुठे आलं?

नकाशावर पट्टी ठेवून दोन रेघा ओढा: दिल्ली ते चेन्नई आणि मुंबई ते कोलकाता. दोन्ही आपल्या आसपास एकमेकींना कापतात. नागपुरात उतरणाऱ्या विमानांपेक्षा नागपूरच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचं जग फार मोठं आहे. आकाश मोकळं असेल त्या रात्री गच्चीवर जा, लुकलुकणारे दिवे आडवे-उभे जाताना दिसतील.

ही भेटीची जागा जुनीच आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सगळी परतीला लागायची. चार दिशांचं वेळापत्रक एका बिंदूवर जुळवायचं काम या गावाने तेव्हापासून पाहिलं आहे.

आणि हा विषय संपलेला नाही. २०२४ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने ‘ईशान’ या प्रकल्पासाठी स्वारस्य प्रस्ताव मागवले. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई ही चार उड्डाण माहिती क्षेत्रं आणि गुवाहाटीचं उपक्षेत्र यांचं आकाश एकसंध करून त्याचा कारभार नागपुरातून जुळवायचा, अशी ती कल्पना. ती पुढे सरकेल तसतसा ‘एवढ्या मोठ्या आकाशातलं पुढचं एका माणसाला कसं दाखवायचं’ हा प्रश्न आपल्या गावचा होईल. इथल्या मुलांनी तो आत्तापासून हाताळावा असं मला मनापासून वाटतं.

‘पुढचं’ म्हणजे नेमकं किती वेळ पुढचं?

एकच ‘पुढचं’ नसतं, आणि नवख्या डिझायनरची पहिली चूक इथेच होते.

सर्वांत जवळचा टप्पा साधारण दोन मिनिटांचा. तिथे काम करतो तो अल्पकालीन इशारा: दोन विमानं ठरलेल्या अंतरापेक्षा जवळ येणार असं दिसलं की ठिपक्याशेजारचं लेबल लाल होतं, लुकलुकतं. ही शेवटची जाळी आहे, तिच्यात नियोजन करायचं नसतं. त्यापुढचा टप्पा दोन ते वीस मिनिटांचा. मी ज्या पडद्यांबद्दल लिहितोय त्यांची जागा ही. आणि तासांच्या हिशेबाचा टप्पा वाहतूक प्रवाहाच्या नियोजनाचा: एखाद्या विमानतळावर किंवा सेक्टरमध्ये, म्हणजे आकाशाच्या एका नेमून दिलेल्या तुकड्यात, गर्दी होणार असेल तर विमानाला जमिनीवरच थांबवून उड्डाणाची वेळ नेमून देणं. भारतात हे काम दिल्लीच्या केंद्रातून चालतं.

तिन्ही टप्प्यांची माहिती एकाच खिडकीत कोंबली की कंट्रोलरला कशाचीच निकड कळत नाही.

एका सेक्टरला दोन कंट्रोलर का बसतात?

एक एक्झिक्युटिव्ह. तो हेडसेटवर पायलटशी बोलतो आणि त्याचं लक्ष पुढच्या काही मिनिटांवर असतं. दुसरा प्लॅनर. तो शेजारच्या सेक्टरशी आणि केंद्रांशी बोलतो, विमान आपल्या हद्दीत कोणत्या लेव्हलवर आणि कोणत्या वेळी घ्यायचं ते ठरवतो. दोन विमानांची गाठ हद्दीत पडूच नये हे पाहणं प्लॅनरचं काम, पडलीच तर ती सोडवणं एक्झिक्युटिव्हचं. वर्दळ कमी असेल तेव्हा दोन्ही कामं एकाच माणसाकडे येतात. म्हणून पडदा दोघांसाठी आखताना तो एकट्यालाही पेलेल, हे बघावंच लागतं.

जुन्या कागदी स्ट्रिप्सचं एवढं कौतुक का करता?

कारण नियोजनाचा सर्वांत चांगला इंटरफेस मी पहिल्यांदा कागदातच पाहिला.

खामल्यात एक निवृत्त कंट्रोलर काका राहतात. सुरुवातीला मला कागदी फ्लाइट स्ट्रिप म्हणजे निव्वळ नोंदवही वाटायची. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या आणि जेवणाच्या टेबलावर एकीखाली एक मांडल्या. प्रत्येकीवर विमानाची हाक (रेडिओवरचं नाव), प्रकार, लेव्हल, मार्गावरचे बिंदू आणि तिथे पोहोचायची वेळ. वेळ अर्थातच यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ: आपल्या घड्याळात रात्रीचे आठ, पट्टीवर १४३०.

एक पट्टी मुंबई ते कोलकाता, लेव्हल ३५०, म्हणजे साधारण ३५ हजार फूट. दुसरी दिल्ली ते चेन्नई, तिचीही लेव्हल ३५०. मी विचारलं, दिशेप्रमाणे लेव्हल वेगळी नसते का? काका म्हणाले, “असते ना. पण दोघंही पूर्वेच्या अर्ध्या भागात जाऊन राहिले. दोघांनाही विषम लेव्हलच मिळते. म्हणून तर गंमत इथं येते.” मग त्यांनी बोटाने दोन्ही वेळा दाखवल्या: १४३२ आणि १४३४. लगेच दुसरी पट्टी रांगेतून अर्धा इंच बाहेर ओढली, तिरकी केली आणि सोडून दिली.

“झालं. आता मी फोनवर बोलेन, पाणी पिईन, दुसरं विमान घेईन. ही तिरकी आहे तोवर माझं काम बाकी आहे, अन् माझ्या शेजारी बसलेल्यालाही ते न विचारता कळते.”

थोड्या वेळाने त्यांनी ३५० वर काट मारून बाजूला ३३० लिहिलं. जुना आकडा खोडरबराने पुसला नाही. काट मारलेला आकडा वाचता येतो, म्हणजे आधी काय ठरलं होतं तेही दिसतं. मग पट्टी पुन्हा रांगेत सरळ सारली. मी टेबलाकडे बघतच होतो. काका म्हणाले, “तू पट्ट्या पाहून राहिला. मी पुढची पंधरा मिनिटं पाहून राहिलो.”

पट्टी तिरकी करायला अर्धा सेकंद लागतो, नजर रडारवरून हलवावी लागत नाही, आणि अर्थ एकाच वेळी दोघांना कळतो. एवढं सगळं देणारं सॉफ्टवेअरचं बटण आजवर माझ्या हातून झालेलं नाही. फ्रान्समध्ये संशोधक वेंडी मॅके यांनी कंट्रोलरांच्या शेजारी बसून या पट्ट्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यावर लिहिलं. कागद काढून टाकण्याआधी तो नेमकं काय काय करतो ते मोजा, असा त्यांचा रोख होता.

मग कागदच ठेवायचा का?

नाही. कागदाला हिशेब येत नाही. १४३२ आणि १४३४ मधला धोका काकांना दिसला, पट्टीला नाही. विमानाचा वेग बदलला तर पट्टीवरची वेळ आपोआप बदलत नाही.

इंग्लंडमधल्या स्वानविकच्या केंद्रात २०११ मध्ये ‘आयफॅक्ट्स’ ही प्रणाली पूर्णपणे वापरात आली आणि ती वापरणाऱ्या विभागातल्या कागदी पट्ट्या गेल्या. ती १८ मिनिटांपर्यंतचे मार्ग काढते आणि कोणत्या जोड्या एकमेकींच्या जवळ येतील ते दाखवते. पण त्यासाठी कंट्रोलरला प्रत्येक सूचना प्रणालीत भरावी लागते. पायलटला सांगितलं ‘३३०’ आणि पडद्यावर राहिलं ‘३५०’, तर संगणकाचं सगळं भविष्य चुकीच्या पायावर उभं राहतं. त्यामुळे माझा आग्रह असतो की सूचना भरायला बोलण्यापेक्षा जास्त वेळ लागता कामा नये. लेबलवर क्लिक, लेव्हलची छोटी यादी, तिथेच दुसरा क्लिक, संपलं. नवी खिडकी उघडली की पाच मिनिटांत कोणीतरी भरायचं विसरतो.

संगणकाला टक्कर आधी खात्रीने कळते का?

खात्रीने नाही, आणि ही अनिश्चितता लपवणारा पडदा मला धोकादायक वाटतो.

वाऱ्याच्या अंदाजात फक्त १० नॉट्सची, म्हणजे ताशी १० नॉटिकल मैलांची चूक असेल तर वीस मिनिटांनी विमान सव्वातीन मैलांच्या आसपास पुढे-मागे सापडतं. राखायचं अंतर ५ मैलांचं. म्हणजे वीस मिनिटांवरचं ‘६ मैलांनी चुकतील’ हे वाक्य फारसं काही सांगत नाही, आणि पाच मिनिटांवरचं तेच वाक्य बरंच काही सांगतं. वर चढणाऱ्या विमानाची गोष्ट आणखी अवघड. त्याचं वजन जमिनीवरच्या प्रणालीला नेमकं ठाऊक नसतं, आणि चढण्याचा वेग वजनावर ठरतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवा विरळ होते आणि भरलेलं विमान हिवाळ्यातल्यासारखं भरभर चढत नाही.

हे पडद्यावर कसं आणायचं? एकच बारीक रेघ खोटी खात्री देते. मी पुढे जाईल तसा रुंदावणारा फिका पट्टा वापरतो. कंट्रोलरने पट्ट्याकडे पाहिलं की ‘आत्ताच हात घालायचा की दोन मिनिटं थांबून बघायचं’ हा निर्णय त्याला घेता यावा. मुद्दाम थांबणं हीसुद्धा नियोजनातली एक चाल आहे, म्हणून पडद्यावर ‘नजर ठेव’ अशी खूण करायची सोय हवी. काकांच्या तिरक्या पट्टीचं ते माझ्यापुरतं भाषांतर.

जास्तीत जास्त इशारे दिले तर सुरक्षितता वाढेल ना?

घटेल. दर मिनिटाला वाजणारी घंटा माणूस ऐकेनासा होतो. नियोजनाचा पडदा बहुतेक वेळ शांत असावा: करडी पार्श्वभूमी, ज्या विमानांशी आत्ता संबंध नाही ती फिकट, आपल्या ताब्यातली उजळ. लाल रंग तातडीच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवायचा, लोगोलाही लाल द्यायचा नाही. फ्रान्समधल्या ‘एराटो’ या प्रणालीतली मला सर्वांत आवडणारी सोय हीच: एखादा पेच, म्हणजे जवळ येणारी जोडी, निवडला की त्याच्याशी संबंध नसलेली विमानं मागे सरतात. नवं काही न दाखवता जास्त दिसतं.

संगणकाने थेट उत्तरच का देऊ नये? ‘अमुक विमान ३३० वर आणा’, बस.

देता येतं, आणि काही वेळा द्यावंही. पण आयतं उत्तर मिळालं की दोन गोष्टी घडतात. कंट्रोलर ते उत्तर तपासत बसतो, ज्याला कधी कधी स्वतः शोधण्याइतकाच वेळ जातो. नाहीतर तो तपासणं सोडून देतो, आणि मग ज्या दिवशी प्रणाली बंद पडते त्या दिवशी त्याच्या डोक्यात पिक्चर नसतं.

मला जास्त पटतो तो रस्ता म्हणजे वाव दाखवणं. १९८९ ते १९९९ या काळात युरोकंट्रोल या युरोपच्या हवाई वाहतूक संस्थेच्या ‘फार’ (PHARE) या संशोधन कार्यक्रमात एक साधन तयार झालं. त्यात विमानासमोर ‘इथे जाऊ नका’ असे पट्टे रंगवलेले दिसायचे आणि कंट्रोलर मार्गाची रेघ माउसने ओढून पट्ट्याबाहेर न्यायचा. कुठे जाता येत नाही ते यंत्र सांगायचं, कुठे जायचं ते माणूस ठरवायचा. आज जवळपास प्रत्येक चांगल्या प्रणालीत ‘असं केलं तर?’ अशी चाचपणी असते: पायलटला सांगण्याआधी ३३० टाकून बघायचं, नवा पेच उभा राहतो का ते पाहायचं, नाहीतर सोडून द्यायचं. ही चाचपणी खऱ्या आदेशापेक्षा डोळ्यांना ठळकपणे वेगळी दिसली पाहिजे. मी तुटक रेघ वापरतो.

एआयबद्दल विचारलं जातं, त्याचं उत्तरही यातच आहे. अंदाज सुधारायला, चढण्याचा वेग ओळखायला ते उपयोगी पडेल. पायलटशी बोलणाऱ्या माणसाला ‘का’ हे कळत नसेल तर ते उत्तर मी पडद्यावर आणणार नाही.

मान्सूनमध्ये हे सगळं टिकतं का?

खरी परीक्षा तीच. जूनमध्ये विदर्भावर गडगडाटी ढगांची रांग उभी राहिली की पायलट एकामागून एक ‘वीस मैल डावीकडे’, ‘तीस मैल उजवीकडे’ अशी परवानगी मागतात. मार्गावर आधारलेलं सगळं भाकीत त्या क्षणी निकामी होतं, कारण विमान मार्गावर कधी परतेल ते खुद्द पायलटलाही माहीत नसतं. अशा वेळी प्रणालीने जुन्या मार्गावरूनच हिशेब चालू ठेवला तर ती आत्मविश्वासाने चुकीचं बोलते. त्या विमानाचं भाकीत आखूड करावं, फक्त सध्याच्या दिशेवरून काढावं, आणि ‘याचा मार्ग सुटलेला आहे’ हे लेबलवर उघड दाखवावं. पावसाचं चित्र, वळलेली विमानं आणि बाजूचा मोकळा भाग हे तिन्ही एकाच नजरेत यायला हवं. इथे आमचं काम अजून अपुरं आहे.

पडदा मराठीत का नाही?

आकाशात भाषा ठरलेली आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत इंग्रजीतली ठरावीक वाक्यरचना वापरतात, आणि पडद्यावरचे शब्द तोंडी येणाऱ्या शब्दांशी जुळावेच लागतात. अभ्यास मात्र मराठीत करावा. कंट्रोलर चहाच्या वेळी आपल्या भाषेत जे सांगतात ते मुलाखतीच्या इंग्रजीत येत नाही.

अपघातांनी काय शिकवलं?

१२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. एकाला १५,००० फुटांवर आणि दुसऱ्याला १४,००० फुटांवर राहायला सांगितलेलं होतं, खाली येणारं विमान ठरलेल्या उंचीखाली गेलं. दिल्लीला तेव्हा फक्त प्राथमिक रडार होतं. ते ठिपका दाखवायचं, उंची दाखवायचं नाही. कंट्रोलरकडे उंची म्हणजे पायलटने सांगितलेला आकडा. सांगितलेलं आणि प्रत्यक्ष यातला फरक पडद्यावर दिसलाच पाहिजे, हे मी या घटनेपासून कधी विसरलो नाही. म्हणून लेबलवर परवानगी दिलेली लेव्हल आणि विमानाची खरी लेव्हल शेजारी-शेजारी असतात.

दुसरी घटना १ जुलै २००२ ची, जर्मनीतल्या युबरलिंगेनची. ७१ मृत्यू. रात्री एकटा कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता, देखभालीसाठी पडद्यावरचा अल्पकालीन इशारा आणि मुख्य फोन बंद होते. धोका लक्षात आला तेव्हा मिनिटभरही उरला नव्हता. प्रणालीचा एखादा भाग झोपलेला असेल तर ते पडद्यावर सतत दिसत राहायला हवं. इशारा नसणं म्हणजे धोका नसणं, असा अर्थ माणूस नकळत लावतो.

तुमचं डिझाइन बरोबर आहे हे कसं ठरवता?

सिम्युलेटरवर, खऱ्या कंट्रोलरना बसवून. संशोधक मायका एंड्स्ली यांनी रूढ केलेली एक पद्धत आम्ही वापरतो: सराव मध्येच थांबवायचा, पडदे काळे करायचे आणि विचारायचं, कोणती दोन विमानं पुढे जवळ येणार होती? उत्तर आलं तर पिक्चर डोक्यात आहे. दुसरी कसोटी मला जास्त बोलकी वाटते: ड्यूटी सोपवताना पहा. नवा माणूस खुर्चीत बसल्यावर आधीच्याला काय काय तोंडी सांगावं लागतं? जे तोंडी सांगावं लागलं ते पडद्यावर राहून गेलेलं आहे.

माझी एक चूक अशाच सरावात सापडली. येऊ घातलेल्या पेचांची यादी मी वेळेप्रमाणे आपोआप वर-खाली होणारी केली होती. कागदावर अगदी तर्कशुद्ध. एका कंट्रोलर ताईंनी तिसऱ्या ओळीवर क्लिक करायला बोट उचललं, त्याच क्षणी नवा पेच वर घुसला, ओळी सरकल्या आणि क्लिक भलत्याच जोडीवर पडला. ताई शांतपणे म्हणाल्या, “मी ठेवलेली वस्तू मला न विचारता हलवू नका.” त्या दिवसापासून माझ्या पडद्यावरची ओळ कंट्रोलरने हात लावल्याशिवाय जागा सोडत नाही. नवी ओळ शेवटी येते आणि तिची निकड रंगाने सांगितली जाते.

नागपुरात राहून हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

कंट्रोलरच व्हायचं असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची कनिष्ठ कार्यकारी पदांची भरती असते, भौतिकशास्त्र आणि गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या शेजारच्या गोंदियात चालतं.

डिझाइनकडे यायचं असेल तर आज रात्रीच सुरुवात करा. उडणारी विमानं दाखवणारी फ्लाइटरडार२४ ही वेबसाइट उघडा, नागपूरभोवती दीडशे मैलांचं वर्तुळ मनाशी धरा. आत येणाऱ्या प्रत्येक विमानासाठी कागदाची एक पट्टी कापा: हाक, उंची, वेग, नागपूरच्या आसपास पोहोचायची तुमच्या अंदाजाची वेळ. कोणत्या जोड्या जवळ येतील ते पट्ट्या लावून ठरवा आणि मग खरंच काय होतं ते बघा. पाच-सहा पट्ट्यांपर्यंत जमेल. त्यानंतर एखादी वेळ बदलायची राहून जाईल, एखादी पट्टी कापायचीच राहील. त्या क्षणी थांबा आणि नेमकं काय करत असताना ती राहिली ते पट्टीच्या मागे लिहून ठेवा.